रिंगण आणि वाट

टेंभुर्णीत गाडी घ्यायची म्हटली की माणूस आधी मिस्तरीला विचारतो. अ‍ॅव्हरेज काय देते, पार्ट जाफराबादला मिळतील की जालन्याला जावं लागेल, तीन-चार वर्षांनी विकायला काढली तर काय येईल. या प्रश्नांची उत्तरं मी पाना हातात असताना मान वर न करता देतो, उभं आयुष्य त्यातच गेलं. मागच्या दिवाळीनंतर मात्र एका पोरानं वेगळंच विचारलं. त्याच्या घरी शेडनेटमध्ये मिरचीचा सीड प्लॉट असतो. आमच्या जाफराबाद तालुक्यात आणि शेजारच्या देऊळगाव राजाकडं बियाण्याच्या कंपन्या शेतकऱ्यांकडून असं बीजोत्पादन करून घेतात. कळी उमलायच्या आत चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर काढायचे, मग दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा; एकेक फूल, सगळं हातानं. त्यांचं बी पास झालं, पैसे आले आणि बापानं पोराचा वाटा पोराच्या हातात दिला. तो सरळ गॅरेजात आला. म्हणाला, "मामा, डर्ट बाईक घ्यायचीय. ट्रेलची घेऊ का मोटोक्रॉसची?"

मिस्तरी म्हणून उत्तर सोपं होतं. ट्रेलची घे, असं मी सांगूनही टाकलं. पण पोरगा उठला नाही. बाकड्यावर बसून राहिला आणि म्हणाला, "परवडणारी कोणती ते मला कळतं. बरोबर कोणती ते सांगा. मला मोटोक्रॉसची आवडते. आवडतं ते घेऊ नये असं घरात सगळेच म्हणतात, पण का घेऊ नये, ते कुणीच सांगत नाही."

मी माळकरी आहे. घरात ज्ञानेश्वरी रोज वाचली जाते, सप्ताहात वीणा खांद्यावर घेऊन पहाऱ्याला उभा राहतो. माणसाला आवडतं ते आणि माणसाच्या हिताचं ते, यांचं भांडण आमच्या धर्मात फार जुनं आहे, आणि या पोरानं ते माझ्या गॅरेजात आणून ठेवलं होतं. त्याला उडवून लावणं मला पटेना. त्यानंतर आमचं जे बोलणं होत गेलं, त्यातून माझं जे ठरलं ते इथं लिहितो.

आधी गाड्यांचं सांगतो, कारण गाडी नीट पाहिल्याशिवाय पुढचं बोलणं हवेत राहील.

मोटोक्रॉसच्या गाडीला दिवा नसतो. हॉर्न नाही, इंडिकेटर नाही, आरसा नाही, साइड स्टँडही नाही. उभी करायची तर खाली लोखंडी किंवा प्लॅस्टिकचं स्टूल लावतात. अडीचशे सीसीची गाडी एकशे दहा किलोच्याही आत भरते आणि इंजिन चाळीस घोड्यांच्या घरात ताकद देतं. सीट इतकी उंच, जवळपास पंच्याण्णव सेंटिमीटर, की आमच्याकडच्या बऱ्याच पोरांचे दोन्ही पाय जमिनीला टेकणार नाहीत. शॉकअप तीस सेंटिमीटरच्या आसपास दबतात आणि ते कडक लावलेले असतात, कारण उंचावरून खाली पडणं हेच त्यांचं रोजचं काम. गिअर एकमेकांना चिकटून असतात, म्हणजे इंजिन सतत तापलेल्या, चढ्या आवाजात राहावं. ही गाडी सावकाश चालवली तर तिला त्रास होतो. रेडिएटरला पंखा नसतो, पुढून वारा लागला तरच पाणी गार होतं. बैलगाडीच्या मागं मागं नेली तर थोड्याच वेळात उकळेल. आणि मला सगळ्यात लक्षात राहिली ती तिची देखभाल. आपल्या गाड्यांचं तेल किलोमीटरवर बदलतं. हिचं तासांवर. काही तास पळाली की तेल, ठरावीक तास झाले की पिस्टन. आमच्याकडं लाखभर किलोमीटर पळालेली स्प्लेंडर हेडचं काम न करता माझ्यासमोर येते, तिथं ही गाडी तासांचा हिशेब मागते. मी चौकशी केली तेव्हा अशा गाडीची किंमत आठ लाखांच्या आसपास होती.

ट्रेलची गाडी दुसऱ्या पोटची. तिला दिवा आहे, नंबर आहे, मागं पिशवी बांधायला जागा आहे. आपल्याकडं २०११ साली हिरोची इम्पल्स आली होती, दीडशे सीसीची. चांगली गाडी होती, पण लोकांना तिचं काम कळलं नाही आणि ती बंद पडली. मग २०१९ मध्ये त्याच कंपनीची एक्सपल्स आली, दोनशे सीसीची. पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा, पोट जमिनीपासून बावीस सेंटिमीटर वर. वजन दीडशे किलोच्या थोडं पुढं, ताकद साधारण अठरा घोडे. पहिला गिअर असा आखूड की चालत्या माणसाच्या वेगानं ती दगडातून चढते आणि बंद पडत नाही. शॉकअप मऊ असतात. दिवसभर बसलं तरी कंबर जागेवर राहते. जाफराबादच्या पुढं पूर्णेच्या काठानं, वर भोकरदनकडून अजिंठ्याच्या डोंगरात, कुठंही न्यावी आणि संध्याकाळी तिच्यावरच घरी यावं, अशी.

मोटोक्रॉसच्या गाडीवरून घरी येता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ३९ सांगतं की नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवायची नाही. या गाडीची नोंदणी होत नाही, म्हणून घरापासून मैदानापर्यंत ती पिकअपमध्ये टाकून न्यायची आणि पिकअपमध्येच आणायची. पोरानं हे आधीच वाचलेलं होतं. त्याला ते अपमानासारखं वाटत होतं. मला मात्र तिथंच काहीतरी धार्मिक दिसलं. त्याकडं पुढं येतो.

कठोपनिषद मला एका निवृत्त गुरुजींनी वाचायला दिलं, मराठी अर्थासह. नचिकेता हा पोरगाच आहे. बाप रागाच्या भरात त्याला यमाला देऊन टाकतो, तो यमाच्या दारात तीन रात्री उपाशी थांबतो, आणि मृत्यूनंतर काय उरतं हे विचारतो. यम टाळायला बघतो. तो त्याला नातवंडं देऊ करतो, हत्ती, घोडे, सोनं, जमीन, रथात बसलेल्या सुंदर स्त्रिया देऊ करतो. नचिकेता म्हणतो, तुझी वाहनं आणि तुझं नाचगाणं तुझ्याकडंच राहू दे. मग यम त्याला सांगतो की माणसापुढं श्रेय आणि प्रेय दोन्ही येतात, शहाणा दोन्हींना निवडून वेगळं करतो आणि श्रेय घेतो.

सप्ताहात हा भाग निघाला की तो इथंच थांबतो: प्रेय टाका, श्रेय घ्या. पोराच्या प्रश्नाला हेच उत्तर लावलं तर मोटोक्रॉस प्रेय, ट्रेल श्रेय, आणि विषय मिटला. पण मी पुढं वाचत गेलो तेव्हा अडखळलो. पुढच्याच वल्लीत, म्हणजे प्रकरणात, यम नचिकेत्याला शिकवायला काय घेतो? रथ. आत्मा रथात बसलेला, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. जे वाहन त्या पोरानं बक्षीस म्हणून नाकारलं होतं, तेच त्याला ज्ञान म्हणून दिलं जातं. म्हणजे वाहनात दोष नव्हता. आणि त्या रथाच्या दाखल्यात एक गोष्ट सांगितलेली आहे जी आपण नेहमी विसरतो: रस्ता. इंद्रियांचे विषय हे घोड्यांचे रस्ते आहेत, असं तिथं स्पष्ट म्हटलं आहे. घोडे, लगाम, सारथी यांच्यावर आपण कितीतरी कीर्तनं ऐकतो, रस्त्यावर एकही नाही. मला तर वाटतं की रस्त्याशिवाय तो दाखला अर्धा राहतो. घोडा उधळला की आवरला, हे तो कुठल्या जमिनीवर पळतोय त्याशिवाय ठरवताच येत नाही.

म्हणून मी पोराला म्हटलं, गाडी बाजूला ठेव, आधी जमिनीचं बोलू.

मोटोक्रॉसची जमीन बंद असते. हा खेळ इंग्लंडात सुरू झाला. २९ मार्च १९२४ ला कँबर्ली नावाच्या ठिकाणी झालेली शर्यत त्याची पहिली मानतात. आधी ती उघड्या माळावरची धाव होती, पुढं तिला वळवून वळवून वर्तुळात आणलं. आपल्याकडं पुण्यात, नाशकात डर्ट ट्रॅकच्या शर्यती कितीतरी वर्षं होत आल्या आहेत, आणि २८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली तेव्हा स्टेडियममध्ये मातीचे डोंगर उभे केले होते. मी ती मोबाइलवर पाहिली, पोरानंच दाखवली. माझं लक्ष उड्यांकडं कमी आणि हातापायांकडं जास्त होतं. गाडी हवेत असताना तिचं तोंड खाली झुकायला लागलं तर स्वार अ‍ॅक्सिलेटर देतो, मागचं चाक जोरात फिरतं आणि तोंड वर येतं. तोंड फार वर गेलं तर मागचा ब्रेक दाबतो, चाक थांबतं आणि तोंड खाली येतं. जमीन पायाखाली नसताना, एका सेकंदाच्या आत, न घाबरता. हे एका दिवसात येत नाही. तेच वळण, तीच उडी, पुन्हा तेच वळण. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो तेव्हा देव त्याला दोन उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. त्यातला अभ्यास बघायचा असेल तर तो या गोल ट्रॅकवर दिसतो. कुठं पोचायचं नाही, जिथून निघालो तिथंच यायचं, आणि तरी प्रत्येक फेरीला थोडं चोख व्हायचं. ज्यांना हा नुसता पोरखेळ वाटतो त्यांनी मारुतीला अकरा प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाला तू कुठं पोचलास असं विचारून बघावं.

त्यामुळं मोटोक्रॉसला मी प्रेय म्हणून खाली ढकलायला तयार नाही. ती खरी साधना होऊ शकते.

आता वाटेचं. आमच्याकडची ट्रेल म्हणजे पाणंद. शहरातून येणाऱ्या स्वाराला ती निसर्गाची देणगी वाटते. आम्हाला माहीत आहे की तिच्या एकेका हाताच्या रुंदीसाठी भाऊ भावाशी बोलत नाही. शेतात जायला वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडं अर्ज करून बांधावरून वाट मागतात. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम ५ आहे. माझ्या गॅरेजात बसून चहा पिणाऱ्यांत असा अर्ज केलेला किंवा ज्याच्यावर केला गेला असा माणूस हटकून असतो. त्या वाटेवरून गाडी नेताना आपण कुणाच्या तरी पोटाला चिमटा काढून सोडलेल्या जमिनीवरून जात असतो.

पावसाळ्यात तिथं काय होतं ते सांगतो. काळी माती पहिल्या पावसानंतर चाकाला धरते आणि सोडत नाही. पुढच्या मडगार्डात गच्च भरते, मग चाक फिरायचं थांबतं आणि गाडी रस्त्यात उभी राहते. आमचे शेतकरी मृगाआधीच मडगार्ड काढून टाकतात किंवा वर घ्यायला माझ्याकडं येतात. ट्रेलच्या गाडीला पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर दिलेलं असतं ते याचसाठी. अशाच एका दिवशी मी पोराला मागं बसवून एका गिऱ्हाइकाची एक्सपल्स तपासायला पाणंदीत घेऊन गेलो. ती दोन बाभळींच्या मधून जिथं अरुंद होते तिथं समोरून एक बाई येत होती, डोक्यावर गवताचा भारा, मागं दाव्याला म्हैस. बाजूला व्हायला जागा नव्हती, एका अंगाला काटे, दुसऱ्या अंगाला पाणी साचलेली चारी. मी इंजिन बंद केलं. उतरलो, दोघांनी मिळून गाडी चारीत उतरवली आणि तिथं धरून उभे राहिलो. म्हैस थबकली, सायलेन्सरकडं बघून फुरफुरली, बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी निघून गेल्या. आमचे पाय पोटरीपर्यंत चिखलात होते. गाडी पुन्हा वर काढायला बराच वेळ गेला. पोरगा काही बोलला नाही, पण परत येताना प्रत्येक वळणाआधी तो माझ्या खांद्यावर हात ठेवत होता, सावकाश घ्या म्हणून.

यालाच मी ट्रेलची साधना म्हणतो. गीतेतला दुसरा उपाय, वैराग्य. घड्याळ सोडायचं, पहिलं येणं सोडायचं, आपला वेग समोरच्याच्या भीतीवर ठरवायचा. आमच्या भागात महानुभाव पंथाचं मोठं स्थान आहे, भोकरदन तालुक्यातला जाळीचा देव. चक्रधर स्वामी तेराव्या शतकात याच मुलखातून पायी फिरले. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात त्यांच्या फिरण्याच्या लीळा आहेत. एका जागी गुंतू नये म्हणून फिरायचं, आणि फिरताना कुठल्याही जिवाला इजा होऊ द्यायची नाही, असं ते शिकवत. फिरणं आणि अहिंसा या दोन गोष्टी त्यांनी एकत्र सांगितल्या हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अहिंसा नसलेलं फिरणं म्हणजे नुसतं तुडवणं.

दोन्ही प्रकारच्या स्वाराला एक शिकवण सारखीच लागू पडते. नजर जाते तिकडं गाडी जाते. फूटरेस्टवर उभं राहून, गुडघे सैल सोडून दगडातून जाताना जो दगड चुकवायचा त्याच्याकडं बघत राहिलात तर चाक नेमकं त्याच्यावर चढतं. नजर दोन दगडांच्या मधल्या मोकळ्या जागेवर ठेवली तर शरीर आपोआप तिकडं कलतं. पोराला हे शिकवताना मला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली उतरंड आठवली: विषयाचं चिंतन, मग त्याची आसक्ती, मग इच्छा, मग राग, आणि पुढं बुद्धीचा नाश. तिची पहिली पायरी नुसतं बघत राहणं हीच आहे. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली, ते पुस्तक आमच्या घरी वडिलांच्या काळापासून आहे. त्याच विनोबांनी पुढं भूदानासाठी तेरा वर्षं पायी चालून देश पालथा घातला. वाचलेलं अंगात उतरायला जमीन लागते, एवढं त्यांच्याकडं बघून कळतं.

मग दोन्ही साधना असतील तर पोराच्या प्रश्नाचं काय? मी त्याला ट्रेलची घे म्हणालो ते मोडीत काढायचं का?

इथं मला शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, मदत झाली. आमच्याकडं पटाची बैलजोडी वेगळी आणि औताची वेगळी. पटाच्या बैलाला दूध, अंडी, उडदाचं पीठ. त्याला औताला जुंपत नाहीत, आणि जुंपला तर पहिल्याच तासाला फण मोडेल. दोन्ही बैल एकाच गोठ्यात असतात, घरातली बाई दोघांना पोळ्याला सारखीच पुरणपोळी भरवते. पण पटाचा बैल सुटून गावाच्या गल्लीत शिरला तर लहान पोरं पायाखाली येतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटी घालून तात्पुरती परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. अटी म्हणजे काय, तर मोजून दिलेलं मैदान, जनावराचे डॉक्टर, चाबकाला मनाई. ताकदीला परवानगी आहे, पण तिच्यासाठी आखलेल्या जागेत.

आणि हे काही कोर्टानं नव्यानं शोधलं नाही. वारीत ते कधीपासून आहे. मुक्ताबाईंची पालखी मुक्ताईनगराहून निघून आमच्या जालन्यावरून पंढरीला जाते. आळंदीचा सोहळा मी स्वतः चाललो आहे. वारी म्हणजे सरळ वाट, रोज थोडी थोडी. पण त्या सरळ वाटेत मध्येच रिंगण लागतं. सदाशिवनगरला, खुडूसला, ठाकुरबुवाच्या समाधीपाशी. मोठं मैदान साफ करतात, पालखी मध्ये ठेवतात, दिंड्या भोवती कडं करून बसतात. झेंडेकरी धावतात, तुळशीवाल्या बाया धावतात, विणेकरी धावतात. मग अश्व सोडतात. ते अश्व बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी नसतं, तो माउलींचा. लाखभर माणसांच्या मध्ये तो जीव तोडून पळतो आणि एकालाही खूर लागत नाही. तो पळून गेला की माणसं धावत जातात आणि त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावतात.

मी त्या मातीसाठी धावलेला आहे. त्यामुळं वेग हा पापाचा आहे असं मला कुणीही सांगितलं तरी पटणार नाही. ज्या परंपरेनं पाऊल पाऊल चालायला शिकवलं तिनंच वेगाला देवपणा दिला, फक्त त्याच्याभोवती माणसांचं कडं उभं केलं. रिंगण संपलं की तोच अश्व लगाम धरून पालखीच्या पुढं माणसांच्या चालीनं चालतो. एकाच जनावराकडून दोन्ही गोष्टी करून घेतल्या जातात, आणि कुठली कुठं करायची हे जागा सांगते.

यावरून माझ्या मते श्रेय कशात आहे ते सांगतो. गाडीला दिवा आहे की नाही, ती उडते की रांगते, यात नाही. त्या गाडीची जी मर्यादा आहे ती स्वार मनापासून मान्य करतो का, यात आहे. ट्रेलची मर्यादा म्हणजे वाटेवर आपल्याआधीपासून असलेला माणूस, त्याचं पीक, त्याचं जनावर. मोटोक्रॉसची मर्यादा म्हणजे कडं. पिकअपमध्ये घालून न्यायची आणि आणायची हा नियम पोराला अपमान वाटत होता. मला तो त्या गाडीचा धर्म वाटतो. त्याच्या बाहेर पडली की तीच गाडी प्रेय होते, आणि ट्रेलची गाडीसुद्धा पाणंदीत शर्यतीच्या भावानं पळवली की तितकीच प्रेय होते. अंगारकीच्या आदल्या रात्री राजूरच्या गणपतीला जालन्याकडून माणसं पायी निघतात, रस्ता भरून वाहत असतो, म्हाताऱ्या आया अनवाणी असतात. त्या रात्री त्यांच्या बाजूनं सायलेन्सर काढलेल्या गाड्या फाडफाड करत जातात. त्या गाड्या ना मोटोक्रॉसच्या असतात ना ट्रेलच्या, साध्या शंभर-दीडशे सीसीच्या. त्यांचे चालक वाईट पोरं नाहीत. आत काहीतरी पळायला मागतंय आणि पळायला जागा एकच आहे, जिथं आई चालतेय तोच रस्ता.

पोराला मी शेवटी सांगितलं, ट्रेलची घे. कारण विचारलं तर तेही सांगितलं: तुझ्या आवडीत खोट नाही, टेंभुर्णीत कडं नाही. जिथं रिंगण नाही तिथं अश्व सोडायचा नसतो. त्यानं सेकंडहँड एक्सपल्स घेतली, चेन सॉकेट आणि मागचा टायर मी बदलून दिला. एअर फिल्टर उघडून दाखवला, धुळीच्या दिवसांत तो किती लवकर भरतो ते बोट फिरवून त्याला दाखवलं. हेल्मेट माझ्यासमोर घालायला लावलं. पण गाडी नेताना तो जे बोलला ते बरोबर होतं आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. म्हणाला, "मामा, कडं नाही हे माझं चुकलं का?"

नाही चुकलं. ते आम्हा मोठ्यांचं काम आहे. गावानं तालीम बांधली, पटासाठी माळ राखला, कबड्डीला मैदान केलं, कारण पोरांच्या अंगातली रग कुठंतरी गेली पाहिजे हे जुन्या माणसांना कळत होतं. आता ती रग इंजिनात गेली आहे आणि आपण तिला फक्त दंडाची पावती दाखवतो. अठराच्या आतला पोरगा गाडी चालवताना सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर बापाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा योग्य आहे. पण नुसत्या मनाईनं कुणाची साधना झालेली मी पाहिलेली नाही.

ट्रॅक करायला फार लागत नाही. काळी जमीन उपयोगाची नाही, पाऊस पडला की संपलं. मुरमाड माळ पाहिजे, चार-पाच एकर. जेसीबीनं उंचवटे ओढायचे, सुरुवातीला गुडघ्याएवढेच, दोन्ही बाजूंना उतार लांब ठेवायचा म्हणजे नवख्याची गाडी वरून सरळ खाली येते. वळणावर सोयाबीनच्या कुटारानं भरलेली पोती रचायची. शर्यत असेल तेव्हा टँकरनं पाणी मारायचं, नाहीतर धुळीत मागच्याला पुढचा दिसत नाही. प्रत्येक उंचवट्यापाशी पिवळा झेंडा धरलेला एक माणूस, कारण पलीकडं कुणी पडलं असेल तर ते मागून येणाऱ्याला कळत नाही. रुग्णवाहिका उभी पाहिजे. रीतसर स्पर्धा घ्यायची तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाची परवानगी आणि स्वारांना त्यांचा परवाना लागतो. नुसता सराव करायचा असेल तर जमीनमालकाची संमती, ग्रामपंचायतीचा ठराव आणि पोलीस ठाण्याला कळवणं, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

आमच्या वाटणीला गावाबाहेर असा एक मुरमाड तुकडा आला आहे, तिथं ज्वारीसुद्धा धड उभी राहत नाही. मी घरात बोललो आहे. लागून असलेला तुकडा माझ्या चुलत्यांचा, त्यांना अजून पटवायचंय, ते म्हणतात आवाजानं गोठ्यातल्या गाई आटतील, आणि त्यांची शंका खरी आहे, तिचा विचार करावा लागेल. गोठा पूर्वेला आहे, म्हणून ट्रॅक पश्चिमेच्या उतारावर घ्यायचा आणि मधे कडुनिंब लावायचे, असं पोरानं कागदावर काढून आणलंय. चुलत्यांसमोर तो कागद ठेवायला तो स्वतः येणार आहे.